वयात आलेला पाळीव पोपट चावू लागला, ओरडू लागला तर: घरच्या घरी करायच्या तपासण्या आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

‘पिल्लू होते तोवर फार मायाळू होते, आता अंगावर धावून येते,’ ही तक्रार माझ्याकडे लातूर, परभणी, नांदेडच्या घरांतून वर्षानुवर्षे येते आहे आणि तिच्यामागचे कारण बहुतेक वेळा एकच निघते. पक्षी बिघडलेला नसतो, तर तो वयात आलेला असतो, आणि आपल्या घरातल्या काही साध्या गोष्टी त्याच्या शरीराला ‘आता घरटे करण्याची वेळ झाली’ असा निरोप रोज देत असतात. हा निरोप कुठून जातो ते शोधून तो थांबवला, तर बहुतेक पक्षी काही आठवड्यांत निवळतात.

लक्षणे

हाताला सरावलेला पक्षी पिंजऱ्यात हात घालताच चोच उघडून धावतो, मात्र बाहेर आल्यावर तोच पक्षी शांत असतो. घरातल्या एकाच माणसाच्या मागे लागतो आणि त्याच्याजवळ दुसरे कोणी आले की त्याला चावतो. डोके वरखाली हलवत पोटातला चारा परत तोंडात आणतो आणि तो बोटावर, आरशावर किंवा खेळण्यावर ठेवतो. शेपटीखालचा भाग दांडीवर, उशीवर किंवा हातावर घासतो. मादी शेपूट वर करून, पंख किंचित सैल सोडून बारीक आवाज काढत वाकून बसते. कागद कुरतडणे, कपाटाखाली शिरणे, सकाळ-संध्याकाळ कर्कश ओरडणे आणि डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या करणे हीही याच काळातली लक्षणे आहेत. बजरीगर या छोट्या विदेशी पोपटाच्या मादीच्या नाकपुड्यांभोवतीची कातडी या दिवसांत तपकिरी आणि खरखरीत होते, ही खूण तर लांबूनही दिसते.

वयाचा हिशेब आधी करावा. बजरीगर ६ महिने ते वर्षाच्या आत वयात येतो, कॉकटिएल आणि लव्हबर्ड साधारण वर्षभराच्या आसपास, सन कॉन्युर दीड-दोन वर्षांनंतर, तर आफ्रिकन ग्रेला ३ ते ५ वर्षे लागतात. आपल्या बाजारात ‘लव्हबर्डची जोडी’ म्हणून बहुतेकदा बजरीगरच विकले जातात, त्यामुळे वय मोजण्याआधी आपल्याकडे नेमका कोणता पक्षी आहे ते पाहून घ्यावे. पिल्लू २-३ महिन्यांचे असेल आणि बोट चोचीत धरून पाहत असेल, तर तो चावा नव्हे. पिल्ले हाताने करायची सगळी चाचपणी चोचीने करतात आणि त्यांना तेवढ्यापुरते लाकडी खेळणे दिले की पुरते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गळ्यात कंठ असलेला आपल्याकडचा हिरवा पोपट किंवा पहाडी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. तसा पक्षी घरात असेल तर त्याच्या स्वभावाचा उपाय शोधत बसण्यापेक्षा वनविभागाशी बोलावे. पुढचे सगळे कायद्याने पाळता येणाऱ्या विदेशी जातींसाठी आहे.

आजार नाही ना, हे सगळ्यांत आधी

या तपासणीला पैसे लागत नाहीत, म्हणून ती पहिली. चारा परत काढणारा निरोगी पक्षी तो कोणाला तरी ‘भरवत’ असतो, त्याचे लक्ष त्या वस्तूवर असते आणि त्याचे डोके स्वच्छ राहते. आजारी पक्षी मात्र मान झटकून उलटी उडवतो, त्याच्या डोक्यावरची पिसे चिकट होतात आणि तो नंतर मलूल बसतो. हा फरक ओळखता आला नाही तर खरी उलटी ‘प्रेम’ समजून पाहत राहिली जाते, आणि लहान पक्ष्याच्या बाबतीत एक-दोन दिवसांचा उशीरही महाग पडतो.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पक्ष्याचे वजन रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर आणि खाण्याआधी करून वहीत लिहावे. बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅम आणि कॉकटिएल ८० ते १०० ग्रॅम भरतो, पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा आपल्या पक्ष्याचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. त्यात दहा टक्के घट झाली तर स्वभावाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर गाठावेत, कारण पक्षी आजार लपवतात आणि अंग फुगवून बसलेल्या पक्ष्याची झीज डोळ्यांना दिसतच नाही.

मे महिन्यात आणखी एक गफलत होते. आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर गेला की पक्षी चोच उघडून धापा टाकतो आणि पंख अंगापासून लांब धरतो, आणि हीच ठेवण माजाच्या, म्हणजे विणीच्या ओढीच्या, काळातही दिसते. दुपारी पत्र्याच्या खोलीत सगळाच वेळ तो असा बसत असेल तर तो उष्म्याने बेजार आहे, त्याला सावलीत, हवेशीर जागी हलवून पाणी द्यावे. ठरावीक माणूस किंवा ठरावीक खेळणे दिसल्यावरच तसे करत असेल, तर पुढे वाचावे.

पिसे झडण्याचा हंगामही तपासावा. मानेवर, डोक्यावर नव्या पिसांचे टोकदार कोंब दिसत असतील तर त्यांना हात लागला की दुखते आणि म्हणून पक्षी चावतो. तेव्हा काही करायचे नसते. अंघोळीला पाणी द्यावे आणि हात आवरता घ्यावा.

हात कुठे फिरतो

पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवणे, पंखांखाली बोट घालणे, पोटाला गोंजारणे हे सगळे त्याच दिवशी बंद करावे. पोपटवर्गीय पक्ष्यांमध्ये डोके आणि मान सोडून इतर अंगाला स्पर्श करण्याचा हक्क फक्त जोडीदाराचा असतो. घरातले माणूस रोज पाठ कुरवाळत राहिले तर पक्षी त्याला जोडीदार मानतो, आणि मग त्या माणसाजवळ येणारा प्रत्येक जण त्याला शत्रू वाटतो. मुले मांजराला कुरवाळावे तशी पक्ष्याची पाठ कुरवाळतात, म्हणून हा नियम घरात सगळ्यांना, पाहुण्यांनाही, समजावून सांगावा लागतो. डोके आणि गालांवर खाजवायला हरकत नाही, पण त्यानेही पक्षी शेपूट वर करू लागला तर तिथेच थांबून त्याला शांतपणे दांडीवर ठेवावे.

दिवा कधी मालवतो

यालाही खर्च नाही, तरी सगळ्यांत जास्त टाळला जाणारा उपाय हाच आहे. दिवस किती मोठा आहे यावरून पक्ष्याचे शरीर ऋतू ओळखते. मराठवाड्यात जूनमध्ये दिवस साधारण सव्वा तेरा तासांचा आणि डिसेंबरमध्ये अकरा तासांचा असतो. पण पिंजरा बैठकीच्या खोलीत असेल आणि रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट व टीव्ही चालू असेल, तर त्या पक्ष्यासाठी वर्षभर सोळा-सतरा तासांचा दिवस उगवतो, आणि विणीचा हंगाम संपतच नाही.

पक्ष्याला रोज १० ते १२ तास सलग अंधार आणि शांतता द्यावी. संध्याकाळी सात-साडेसातला पिंजरा आतल्या खोलीत हलवणे हा उत्तम मार्ग. घर एकाच खोलीचे असेल तर पिंजऱ्यावर सुती चादर टाकून टीव्हीचा आवाज कमी करावा, मात्र खालची कड मोकळी सोडून हवा खेळती ठेवावी. उन्हाळ्यात जाड गोधडी टाकणे धोक्याचे आहे. वेळ रोज तीच हवी. एक दिवस सातला आणि दुसऱ्या दिवशी दहाला झाकले तर उपयोग होत नाही. किमान तीन आठवडे हे नेमाने केल्याशिवाय ‘फरक पडला नाही’ असे म्हणू नये, कारण शरीरातला बदल सावकाश उतरतो.

चावल्याची शिक्षा म्हणून दिवसा पिंजरा झाकणे हा वेगळाच प्रकार झाला आणि तो करू नये. त्याने झोपेची वेळ बिघडते आणि भीती तेवढी वाढते.

अंधाऱ्या, बंदिस्त जागा

बहुतेक पोपटवर्गीय पक्षी झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. म्हणून अंधारी, अरुंद, तीन बाजूंनी बंद अशी कोणतीही जागा त्यांना ढोलीसारखी वाटते. आपल्या घरांत अशा जागा भरपूर असतात: लोखंडी कपाटाखालची फट, दिवाणाखालचा अंधार, पुस्तकांच्या फडताळाची मागची बाजू, उन्हाळा संपल्यावर कोपऱ्यात सरकवून ठेवलेला रिकामा कूलर.

नांदेडच्या एका घरातली लव्हबर्ड मादी झाडताना घरातल्या आजींच्या पायाला रोज चावत असे. त्यावर ‘ती रागीट आहे’ असा सगळ्यांचा निवाडा झाला होता. ती काय करते हे निवांत बसून पाहिले तेव्हा उलगडा झाला. ती मुलाच्या वहीच्या कडेला ओळीने भोके पाडत एक लांब पट्टी कापत होती, मान मागे वळवून ती पट्टी कमरेवरच्या पिसांत खोचत होती आणि तशा तीन-चार पट्ट्या खोचून झाल्यावर चालत दिवाणाखाली जात होती. खाली कागदाचा ढीग होता, त्याच्या मधोमध वाटीएवढा खळगा होता, आणि आजींचा झाडू रोज नेमका तिथे जात होता. मुलांची शाळेची पुस्तके कुलपाआड गेली, दिवाणाच्या चारही बाजूंना पुठ्ठा लागला, आणि महिन्याभरात त्या मादीचे चावणे जवळजवळ थांबले.

बजरीगरच्या पिंजऱ्यासोबत दुकानदार जे मातीचे मडके देतात ते जोडीची वीण घ्यायची नसेल तर काढून टाकावे. ‘रात्री त्यात बसायला बरे’ म्हणून ते ठेवले जाते, पण पक्ष्याला झोपायला दांडी पुरते. मडके म्हणजे घरट्याचे उघड आमंत्रण असते. कापडी झोपडी, पुठ्ठ्याचा खोका, तळाला अंथरलेला कागदाचा कीस हेही काढावे. मात्र त्याच मडक्यात आधीच अंडी असतील तर थांबावे आणि अंड्यांविषयी पुढे लिहिले आहे ते वाचावे.

आरसा आणि पक्षी ज्याला चारा भरवतो ते खेळणे लगेच काढावे. चकचकीत स्टीलचा पेला, घंटी, काळी पडलेली मोबाइलची काच यांतही त्याला जोडीदार दिसतो.

खाणे आणि हंगाम

बजरीगर आणि कॉकटिएल मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले आहेत. तिथे पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून पाऊस पडून गवताला कोवळे दाणे धरले की ते विणीला लागतात. हे कळले की आपल्याकडच्या तक्रारींचे वेळापत्रकही कळते. त्या मृगाच्या सरी पडून उकाडा मोडल्यावर वाढतात, आणि नंतर पौषाच्या आसपास, म्हणजे हुरड्याच्या दिवसांत, पुन्हा वाढतात. शेतावरून आणलेली ज्वारीची दुधाळ, कोवळी कणसे आपण कौतुकाने पिंजऱ्यात लावतो आणि पक्षीही ती हरखून खातो. परंतु कोवळा, दुधाळ दाणा हा त्याच्या शरीराला ‘पिल्ले वाढवण्याइतके अन्न आहे’ असे सांगणारा सर्वांत ठळक संकेत आहे. माज उतरेपर्यंत हुरडा पूर्ण बंद ठेवावा आणि नंतरही चवीपुरताच द्यावा.

याच कारणासाठी ऊन ऊन मऊ भात, दूध-भाकरी, उकडलेले अंडे, भिजवलेले शेंगदाणे थांबवावेत. नर मादीला आणि दोघे पिल्लांना असेच मऊ, उबदार अन्न भरवतात. आपल्या तोंडातला घास पक्ष्याला देण्याची सवय तर दोन्ही अंगांनी वाईट आहे: ते जोडीदाराचे वागणे ठरते आणि आपल्या तोंडातले जंतू पक्ष्याला अपाय करतात. सूर्यफुलाच्या बिया पिंजऱ्यात भरून ठेवू नयेत, शिकवताना बक्षीस म्हणून एखादीच द्यावी. जुन्या, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत यकृत बिघडवणारे विष असते, ते कोणत्याच हंगामात देऊ नयेत.

रोजच्या खाण्यात कोरडी ज्वारी, बाजरी, राळे यांचे मोजके मिश्रण आणि त्याबरोबर शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, गाजर असावे. येथे एक सावधानता सांगतो: कमी करायचे ते चमचमीतपण, पोट नव्हे. माज उतरवण्यासाठी लहान पक्ष्याला उपाशी ठेवणे हा उपाय नाही, त्याने तो दगावतो. वजनाची वही येथेही उपयोगी पडते.

दाणे वाटीत आयते देण्याऐवजी कागदाच्या पुडीत किंवा मक्याच्या सालीत गुंडाळून द्यावेत. जंगलात ज्या कामात त्याचा दिवस जातो ते काम त्याला परत मिळाले की ओरडणेही कमी होते. फक्त मादी त्याच सालीच्या पट्ट्या कोपऱ्यात साठवू लागली तर हा प्रकार थांबवावा.

पिंजऱ्याची जागा आणि आपली वागणूक

वरचे सगळे करूनही पक्षी पिंजऱ्यातच चावत असेल तर तो पिंजऱ्याला आपले घरटे समजतो आहे. दांड्या, वाट्या, खेळणी यांची जागा बदलावी आणि पिंजराही दुसऱ्या भिंतीला हलवावा. ओळख मोडली की राखण करण्याचा हट्ट कमी होतो. भेदरट पक्ष्याच्या बाबतीत मात्र हे एकदम न करता दोन-तीन दिवसांत थोडे थोडे करावे.

हात आत घालून पक्षी ओढून काढू नये. दार उघडून त्याला बाहेर येऊ द्यावे आणि मग दांडीवर किंवा छोट्या काठीवर चढायला सांगावे. काठीचे टोक चोचीने शिवले की एक बी, असे रोज पाच-दहा मिनिटे केले तर पक्षी हाताला न चावता इकडून तिकडे जायला शिकतो. चावलाच तर ओरडू नये, चोचीवर टिचकी मारू नये, हात झटकू नये. आपली आरोळी त्याला प्रतिसाद वाटते आणि झटकलेला हात त्याला घाबरवतो. काही न बोलता त्याला खाली ठेवावे आणि थोडा वेळ दुसरीकडे पाहावे. ओरडण्याबाबतही हेच: ओरडत असताना धावून जाऊ नये, थांबल्यावर लगेच जावे. ‘तुम्ही आहात का?’ अशा अर्थाची त्याची साधी हाक मात्र शिटीने परतवावी, कारण तिला उत्तर मिळाले नाही की तिचीच आरोळी होते.

चावणारा पक्षी खांद्यावर घेऊ नये. डोळा आणि कान जवळ असतात आणि मोठ्या जातीची चोच गंभीर इजा करते. लहान मुलांना या काळात पक्षी हाताळू देऊ नये.

अंडे घातले तर

नर नसतानाही मादी अंडी घालते; ती फळत नाहीत. अंडे दिसताच उचलून टाकले तर ती त्या जागी नवे घालते, आणि प्रत्येक अंड्यामागे तिच्या हाडांतला चुना खर्च होतो. म्हणून एकटी मादी असेल तर अंडी तशीच राहू द्यावीत. साधारण तीन आठवड्यांत ती कंटाळून उठते, तेव्हा ती काढावीत. हा चुना भरून काढायला पिंजऱ्यात समुद्रफेण (कटलबोन) कायम टांगलेले असावे.

येथून पुढे घरचा उपाय संपतो

मादी पिंजऱ्याच्या तळाशी अंग फुगवून, पाय फाकवून बसली असेल, शेपूट श्वासागणिक हलत असेल, ती कुंथत असेल आणि अंडे बाहेर येत नसेल, तर अंडे अडकलेले आहे. यात काही तासांत जीव जाऊ शकतो. तेल लावून, पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न अजिबात करू नये; अंडे आत फुटले तर मादी वाचवणे फार अवघड होते. तिला उबदार, शांत खोक्यात ठेवून थेट निघावे.

शेपटीखालून लाल मांसल भाग बाहेर आलेला दिसणे, स्वतःची पिसे उपटून रक्त काढणे, खरी उलटी, वजनातली घट, एकामागून एक अंड्यांचे हंगाम, झिंगल्यासारखे पडणे, यांतले काहीही दिसले तर थांबू नये. नवी जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा शिशाचा तुकडा चघळल्यानेही पक्षी विचित्र वागतो, आणि ते माजासारखे वाटले तरी तो विषबाधेचा प्रकार असतो. आजाराची कोणतीही खूण नसेल आणि वर सांगितलेले सगळे सहा ते आठ आठवडे नेमाने करूनही वागण्यात काहीच उतार पडला नाही, तरी डॉक्टरांना दाखवावे. हार्मोन दाबणारी इंजेक्शने किंवा कातडीखाली बसवायची गोळी उपलब्ध आहे, पण ती तपासणीनंतर डॉक्टरांनीच ठरवायची असते. औषधाच्या दुकानातून किंवा कोणाच्या सांगण्यावरून आणलेले थेंब पाण्यात घालू नयेत.

मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. शहरातले सगळेच पशुवैद्य पक्षी तपासत नाहीत, म्हणून निघण्याआधी फोन करून पक्षी पाहणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का, हे विचारून घ्यावे. सोबत वजनाची वही, पिंजऱ्याच्या तळाचा त्या दिवसाचा विष्ठेसह कागद आणि घरी केलेले मोबाइलवरचे चित्रीकरण न्यावे, कारण दवाखान्यात पक्षी भीतीने गप्प बसतो आणि घरातले वागणे तिथे दाखवत नाही. तातडी नसेल तर उन्हाळ्यात हा प्रवास पहाटे करावा, पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी पातळ कापड बांधावे आणि पाण्याची वाटी सांडते म्हणून वाटेत काकडीची एक फोड अडकवून ठेवावी.